स्टेअरिंग कण्हायला लागलं, तर आधी डबी उघडा

मागच्या भागात आपण टायर बदलायला शिकलो. त्यानंतर बऱ्याच जणींचे फोन आले, आणि त्यात एकच प्रश्न तिघी-चौघींनी वेगवेगळ्या शब्दांत विचारला. एक म्हणाली, "ताई, वळवताना आमची गाडी कण्हते." दुसरी म्हणाली, "सकाळी गोठ्यापासून गाडी मागे घेतली की रेडकू हंबरल्यासारखं होतं, मग दिवसभर गप्प." हा आवाज पॉवर स्टेअरिंगचा. मला तो चांगला ओळखीचा आहे, कारण याच आवाजाकडे मी पंधरा दिवस दुर्लक्ष केलं होतं. आज त्याबद्दल बोलू. त्यात माझी फजितीही येईल, ती सांगायची मला लाज वाटत नाही, कारण तुमची व्हायला नको.

आमच्या गटाची पिकअप आहे. जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. कर्जाच्या कागदावर 11 जणींच्या सह्या आहेत आणि गाडी चालवते मी. त्यामुळे गाडीत काही बिघडलं की बाकीच्या दहा जणी माझ्याकडे बघतात, आणि गाव त्या दहा जणींकडे बघतं. पावसाळा सुरू झाला होता. नारायणगावच्या बाजारात गाडी लावताना स्टेअरिंग पूर्ण फिरवलं की बॉनेटमधून "घूंऽऽ" असा आवाज यायचा. सरळ रस्त्याला काही नाही. मी काय केलं? गाडीतल्या गाण्यांचा आवाज वाढवला. हसू नका, तुमच्यातल्या निम्म्या जणी हेच करत असणार.

मग एके दिवशी कल्याणला भाजी उतरवून परत येताना माळशेज घाट चढत होतो. धुकं होतं, पाऊस होता, शेजारी आमच्या अध्यक्षबाई बसलेल्या. एका वळणावर मी चाक फिरवायला गेले आणि ते फिरेचना. म्हणजे फिरत होतं, पण जात्यात ओले दाणे टाकल्यासारखं जड. कशीबशी दोन्ही हातांनी ओढून गाडी वळवली आणि रुंद जागा मिळताच डाव्या बाजूला घेतली. अध्यक्षबाई एक शब्द बोलल्या नाहीत. नुसता पदर तोंडाला लावून बसल्या होत्या.

आधी हे सांगते, म्हणजे असं झालं तर तुम्ही घाबरणार नाही. पॉवर स्टेअरिंगचा जोर गेला म्हणून चाकांचा आणि स्टेअरिंगचा संबंध तुटत नाही. आतले दांडे जोडलेलेच असतात. फक्त जी मदत मिळत होती ती थांबते आणि सगळा जोर आपल्या हातांना लावावा लागतो. म्हणून वेग कमी करा, दोन्ही हातांनी धरा आणि जागा बघून थांबा. आणि चालत्या गाडीत इंजिन बंद करू नका. इंजिन बंद केलं की ब्रेकला मिळणारी मदतही जाते, दोन-तीन वेळा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो. किल्ली काढली तर स्टेअरिंग लॉक होतं, ते वेगळंच.

आता ही मदत येते कुठून? आपल्या विहिरीवरची मोटर आठवा. बॉनेटखाली एक छोटा पंप असतो. इंजिन फिरतं, त्याच्यावरच्या पट्ट्याने हा पंप फिरतो. पंपाच्या वर किंवा बाजूला एक डबी असते, तीत लालसर तेल. पंप डबीतलं तेल ओढतो, जाड पाइपातून जोराने खाली स्टेअरिंगच्या पेटीत ढकलतो, तिथे ते आपल्या हाताला मदत करतं आणि दुसऱ्या पाइपाने परत डबीत येतं. तेच तेल गोल गोल फिरत राहतं. ते जळत नाही, खर्च होत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि विहिरीचं पाणी फूट-व्हॉल्व्हच्या खाली गेलं की मोटरचा आवाज कसा बदलतो, ते तुम्हाला मी सांगायला नको. घरात भाकरी थापत असतानाही तुम्हाला कळतं की मोटर हवा ओढतेय. स्टेअरिंगच्या पंपाचं अगदी तसंच. तेल कमी झालं किंवा पाइपाच्या जोडातून हवा शिरली की तो कण्हायला लागतो. थंडीत सकाळी तेल घट्ट असतं, तेव्हा जास्त. आणि बराच काळ हवा ओढत राहिला, तर जळलेल्या मोटरसारखा तोही कायमचा जातो.

सगळे आवाज मात्र एक नसतात, आणि अर्धं निदान कानानेच होतं. चाक फिरवताना घूं-घूं, आणि इंजिनाचा वेग वाढवला की आवाजही वाढतो, तर तेल किंवा हवा. गाडी सुरू करताना किंवा चाक पूर्ण वळवताना "किंईऽऽ" अशी किंकाळी, तर बहुधा पट्टा सैल आहे किंवा गुळगुळीत होऊन घसरतोय. खड्ड्यातून जाताना खट-खट, तर त्याचा तेलाशी संबंध नाही. तो चाकाकडच्या दांड्यांचा सांधा, टाय रॉड किंवा बॉल जॉइंट, झिजला असणार. तो आवाज ऐकला की घरी काही करत बसू नका, सरळ गॅरेज, कारण तो सांधा निखळला तर चाक भलतीकडे वळतं. आणि चाक अगदी शेवटपर्यंत फिरवून धरलं की बारीक "सूंऽ" येतं, तो बिघाड नाही. तेल पुढे जायला जागा नसते, म्हणून पंपातली झडप उघडते, त्याचा तो आवाज. फक्त तसं पाच सेकंदांहून जास्त धरून ठेवू नये, तेल फार तापतं.

एक गोष्ट मध्येच. तुमची गाडी नवी, छोटी कार असेल, तर कदाचित तिच्यात हे तेल नसेलच. हल्लीच्या बहुतेक छोट्या गाड्यांत स्टेअरिंगला विजेची मोटर मदत करते. बॉनेट उघडा आणि झाकणावर स्टेअरिंगच्या चाकाचं चित्र असलेली डबी शोधा. नसेल तर गाडीचं पुस्तक बघा. विजेचं स्टेअरिंग जड झालं, समोर स्टेअरिंगचा दिवा लागला, तर घरी बघण्यासारखं एकच, बॅटरीची टोकं घट्ट आणि स्वच्छ आहेत का. पुढचं काम मशीन लावून तपासणाऱ्याचं.

आता परत घाटात. फोन करून एका मेकॅनिकला बोलावलं. त्याने बॉनेट उघडलं, डबी जवळजवळ रिकामी होती, उरलेल्या तेलाला ताकासारखा फेस. त्याने तेल ओतलं, चाक हलकं झालं. मग म्हणाला, "ताई, पंप गेलाय. सोमवारी आणा, नवा टाकू." त्याने सांगितलेला आकडा आमच्या दोन महिन्यांच्या हप्त्याएवढा होता. मी हो म्हणून गाडी घरी आणली.

रात्री जेवताना अध्यक्षबाई म्हणाल्या, "पंप गेला तर गेला. पण तेल कुठं गेलं?"

त्या कधी गाडी शिकल्या नाहीत. पण घरात तेलाचा डबा लवकर संपला तर कुणी नवा डबा विकत घ्यायच्या आधी जुना गळतोय का बघतं, तेवढाच त्यांचा हिशेब. आणि तो बरोबर होता. हे तेल खर्च होत नाही, मग कमी झालंय म्हणजे गळतंय. कुठून, ते कळल्याशिवाय पंप बदलण्यात काय अर्थ?

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर डबी पुन्हा उतरलेली. इथे माझी फजिती. घरात एक ऑइलची बाटली होती, मी घाईत ती ओतली. झाकण लावता लावता धाकट्या जावेने बाटली हातात घेऊन वाचली, "अहो ताई, हे ब्रेकचं ऑइल आहे." तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. नशीब, मी इंजिन सुरू केलं नव्हतं.

मैत्रिणींनो, हे नीट ऐका. ब्रेकचं तेल आणि स्टेअरिंगचं तेल दिसायला कसंही असो, ती दोन वेगळी आहेत. ब्रेकच्या तेलाने स्टेअरिंगमधले रबरी सील खराब होतात. आणि उलटी चूक त्याहून भयंकर. स्टेअरिंगचं तेल ब्रेकच्या डबीत गेलं तर ब्रेकचे रबर फुगतात आणि ब्रेक जाऊ शकतात. तशी चूक झाली तर गाडी जागेवरून हलवायची नाही, मेकॅनिकला घरी बोलवा. ब्रेकच्या बाटलीवर डॉट 3 किंवा डॉट 4 लिहिलेलं असतं. स्टेअरिंगला बऱ्याच गाड्यांत एटीएफ म्हणजे लाल तेल चालतं, पण सगळ्यांत नाही. कोणतं चालतं ते डबीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात असतं. दुकानदार "सगळं सारखंच" म्हणाला तरी झाकणावरचं नाव मोबाइलवर फोटो काढून न्या आणि तेच मागा. आमच्याकडे आता दोन्ही डब्यांवर रंगीत चिकटपट्टी आहे, स्टेअरिंगला लाल, ब्रेकला पिवळी.

मी काय केलं ते सांगते. जनावरांच्या औषधाची मोठी सिरिंज घरात होती, सुई काढून तिने डबीतलं सगळं उपसलं. खालच्या पाइपात उतरलेलं राहिलंच होतं. ते काढायला डबीखाली घमेलं ठेवून पंपाकडे जाणारा पाइप सोडवायचा होता. पकडीने क्लिप दाबायला गेले, तर क्लिप आपोआप फिरली. पाइपावर सैलच होती. तिच्याभोवतीचं रबर ओलं, आणि त्यावर धूळ बसून काळा चिकटा.

तेल तिथून जात होतं. गाडी उभी असली की जोडातून थेंब थेंब झिरपायचं, आणि गाडी चालू झाली की पंप त्याच जागेतून हवा ओढायचा. म्हणून तर रस्त्यावर कुणाला गळती दिसली नाही. फूट-व्हॉल्व्हपासून मोटरपर्यंतच्या पाइपाला बारीक चीर असेल तर पाणी बाहेर पडत नाही, हवा आत जाते, तसंच.

मला हे चुकीतून सापडलं, तुम्ही सरळ मार्गाने शोधा. गाडी सपाट जागेवर उभी करा, इंजिन बंद, गार होऊ द्या. डबी आधी बाहेरून पुसा, नाहीतर झाकण उघडताना माती आत जाईल. डबीवर वरच्या-खालच्या पातळीच्या रेघा असतात, किंवा झाकणाला काडी असते आणि तिच्यावर गार आणि गरम तेलाच्या वेगळ्या खुणा. मग दोन थेंब पांढऱ्या चिंधीवर घ्या. लाल किंवा मधासारखं असेल तर ठीक. काळं पडलंय, जळका वास येतोय, तर तेल जुनं झालंय. फेस असेल तर हवा. चकाकणारा बारीक चुरा दिसला, तर मात्र पंप खरंच आतून झिजतोय, तेव्हा मेकॅनिकचं ऐका.

तेल कमी असेल तर सगळे पाइप आणि जोड चिंधीने कोरडे करा, आणि रात्री गाडीखाली जुनी वर्तमानपत्रं पसरा. सकाळी लाल डाग कुठे पडला त्याच्या वर बघा. इंजिन ऑइलचा डाग काळा-तपकिरी असतो आणि रेडिएटरचं रंगीत पाणी हिरवं किंवा गुलाबी, म्हणजे गोंधळ होणार नाही. इंजिन चालू ठेवून पाइपावरून हात फिरवून गळती शोधायची नाही. जाड पाइपातला दाब इतका असतो की बारीक भोकातून उडालेली तेलाची धार कातडीत शिरू शकते, आणि तसं झालं तर जखम टिचभर दिसली तरी लगेच दवाखाना. बघायचंच तर पुठ्ठ्याचा तुकडा धरा.

क्लिप सैल असेल तर नवी लावा, ती अगदी थोड्या पैशांत मिळते. पाइपाचं टोक कडक होऊन भेगाळलं असेल आणि पाइपाला लांबी असेल, तर टोकाचा चिरलेला भाग कापून पुन्हा बसवता येतं. हे डबीकडच्या साध्या पाइपाचं झालं. जाड दाबाच्या पाइपाला घरी हात लावू नका. त्याला पट्टी गुंडाळून किंवा एमसील लावून काही होत नाही, ते दोन दिवस टिकतं आणि तिसऱ्या दिवशी घाटात सोडून देतं.

यानंतर हवा काढायची. मोटरला पाणी भरून हवा काढतो तसं, पण इथे धीर लागतो. मागच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा, पुढची दोन्ही चाकं उचलून खाली स्टँड लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, पोरांना लांब ठेवा. स्टँड नसतील तर चाकं जमिनीवर ठेवूनही होतं, हात जास्त दुखतात इतकंच. डबी खुणेपर्यंत भरा, इंजिन बंदच, आणि स्टेअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत 15-20 वेळा फिरवा. एकीने फिरवायचं, दुसरीने डबीकडे बघायचं. बुडबुडे येतील, तेल उतरेल, भरत राहायचं. डबी रिकामी होऊ दिली तर सगळं पहिल्यापासून. मग इंजिन सुरू करा, वेग न वाढवता चाक पुन्हा सावकाश इकडून तिकडे फिरवा, टोकाला धरून ठेवू नका. फेस राहिला तर बंद करून तासभर तसंच सोडा, बसतो. आमचं काम दुपारच्या चहापर्यंत चाललं, माझ्या जावेच्या दंडात दोन दिवस गोळे होते.

पट्ट्याचं थोडक्यात. इंजिन बंद असताना लांब भागावर अंगठ्याने दाबून बघा. साध्या पट्ट्याला साधारण अर्धा इंच दबेल इतकाच ढिलेपणा हवा. आतली बाजू काचेसारखी गुळगुळीत किंवा चिरा पडलेली असेल तर बदला. बऱ्याच गाड्यांत हाच पट्टा बॅटरी चार्ज करतो आणि पाण्याचा पंपही फिरवतो. स्टेअरिंग जड झालं आणि त्याच वेळी बॅटरीचा दिवा लागला तर पट्टा तुटला असं समजा आणि थांबा, नाहीतर इंजिन तापून मोठा खर्च निघेल. बॉनेट उघडं आणि इंजिन चालू असताना पदर कमरेला खोचा, ओढणी काढून ठेवा, वेणी आंबाड्यात बांधा.

सोमवारी मी त्या मेकॅनिककडे गेले नाही. त्याने आम्हाला फसवलं असं मी म्हणणार नाही. नवा पंप बसवताना त्याने पाइप काढलाच असता, नवी क्लिप लावलीच असती, आवाज गेलाच असता, आणि आम्ही सगळ्यांनी म्हटलं असतं की बघा, पंपच खराब होता. म्हणून आता कुणीही मोठा भाग बदला म्हणालं की आमचा एकच प्रश्न असतो, अध्यक्षबाईंचा, "तेल कुठं गेलं ते दाखवा."

पंप तोच आहे. थंडीत सकाळी पहिल्या वळणाला अजून थोडा कुरकुरतो, पंधरा दिवस हवा ओढल्याचं ते देणं आहे आणि ते माझ्या नावावर आहे. गटाच्या वहीत शेवटच्या पानावर दर सोमवारी डबीची पातळी लिहितो, तारीख घालून. जिची पाळी असेल ती बघते, मला बघायला लावत नाहीत.

उपसलेलं जुनं तेल विहिरीजवळ, ओढ्यात किंवा चुलीत टाकू नका. बाटलीत भरून गॅरेजवाल्याला द्या, त्यांच्याकडे जुनं ऑइल नेणारे येतात. आणि ज्या ताईंनी ट्रॅक्टरचं विचारलं होतं त्यांच्यासाठी, काही ट्रॅक्टरांना स्टेअरिंगची वेगळी डबी असते आणि काहींत मागच्या लिफ्टचंच तेल स्टेअरिंगलाही जातं. तुमच्या ट्रॅक्टरचं पुस्तक काढून ठेवा आणि पुढच्या गुरुवारी फोन करा, आपण बरोबर बसून वाचू.